उसवता न येणारी जाळी

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला पुणेकर ‘एनसीएल’ म्हणूनच ओळखतात. १९५० साली नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं, पुढे कीटकनाशकांपासून उत्प्रेरकांपर्यंत बरंच काही इथे घडलं. इथल्या एका खलात घोटलेल्या लाल भुकटीची गोष्ट मात्र रसायनवाल्यांबाहेर फारशी पोचलेली नाही.

ही भुकटी म्हणजे कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, थोडक्यात ‘सीओएफ’. धातूचा कणही नसलेली सच्छिद्र जाळी, छिद्रं दोनेक नॅनोमीटरची. अशी पहिली जाळी २००५ मध्ये अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटाने विणली. तिचे दुवे बोरॉनचे होते आणि पाणी लागलं की ते तुटत.

पेच मुळातच होता. जाळी सुबक यायची तर विणताना चुकलेला टाका उसवून पुन्हा घालता आला पाहिजे. पण सहज सुटणारा दुवा पाण्यात, आम्लात टिकणार कसा?

एनसीएलमधल्या राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये काढलेली तोड खरोखर देखणी आहे. एक घटक ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल, त्यात प्रत्येक आल्डिहाइडच्या शेजारी ओएच. दुसरा पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे केसांच्या कलपात असतो तोच. आधी दोघं जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात आणि जाळी रांगेत येते. मग ओएचमधला हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजनवर जाऊन बसतो, ऑक्सिजन कार्बनशी दुहेरी बंधाने जखडला जातो. परतीची वाट बंद! सरकला तो एक हायड्रोजन, पण त्यानंतर ही जाळी ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातही शाबूत राहिली.

ही जाळी विणायला बंद नळी, १२० अंश तापमान आणि तीन दिवस लागत. पुढच्याच वर्षी गटाने दोन्ही घटक विद्रावकाशिवाय, साध्या तापमानाला नुसते घोटले. फिकट पिवळी भुकटी नारिंगी झाली आणि पाऊण तासात गडद लाल.

टिकाऊपणा तोच राहिला, पण जाळीचे थर नीट एकावर एक बसले नाहीत. नळीतल्या जाळीचं पृष्ठफळ ग्रॅममागे ५३५ चौरस मीटर होतं, खलातल्या जाळीचं जेमतेम ६१. वायू साठवायला निघालेल्याला हा सौदा परवडत नाही. २०१७ मध्ये याच गटाने टेराकोटाच्या धर्तीवर, टोल्युइनसल्फॉनिक आम्ल आणि थोडं पाणी घालून मळलेला गोळा काही सेकंद तापवला, तेव्हा पृष्ठफळ तीन हजारांपर्यंत पोचलं. ते आम्ल नंतर पाण्याने धुऊन निघतं.

तरी कारखान्याची वाट सोपी नाही. ही भुकटी विरघळत नाही, वितळत नाही, त्यामुळे प्लास्टिकसारखी साच्यात ओतता येत नाही. जो आकार द्यायचा तो गोळा ओला असतानाच. शिवाय ते ओएचवालं आल्डिहाइड बनवताना उतारा फार कमी पडतो, आणि जाळी स्वस्त व्हायची तर आधी तेच स्वस्त व्हायला हवं.