नाईलकाठची लेक

देवांनाही माहेर-सासर असतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण प्राचीन इजिप्तच्या इसिस देवीची हकिगत वाचताना मला तरी तसंच वाटलं. (नाव वाचून दचकू नका हं! त्या दहशतवादी संघटनेशी या देवीचा काडीचाही संबंध नाही.)

इसिस नाईल नदीकाठची. तिच्या नवऱ्याला, ओसायरिसला, त्याच्याच भावाने मारलं. इसिसने नवऱ्याचा देह शोधून काढला, मंत्रबळाने त्याला जागवलं आणि पुढे होरस या मुलाला शत्रूपासून लपवून एकटीने वाढवलं. मांडीवर बाळ घेऊन दूध पाजणाऱ्या इसिसच्या लहान लहान मूर्ती इजिप्तमध्ये भरपूर सापडल्या आहेत.

ही देवी समुद्र ओलांडून परमुलखात गेली ती व्यापाऱ्यांबरोबर. अथेन्सच्या पिरिअस बंदरात राहणाऱ्या इजिप्शियन लोकांनी तिचं देऊळ उभारलं. हे कळतं इ.स.पूर्व ३३३च्या सुमाराच्या एका शिलालेखावरून. सायप्रस बेटावरच्या कितिअन या फिनिशियन गावच्या व्यापाऱ्यांना तिथेच आपल्या देवीसाठी, अफ्रोडाइटीसाठी, जागा हवी होती. अथेन्सच्या सभेने परवानगी दिली आणि दाखला दिला तो इसिसच्या देवळाचा. म्हणजे एका परक्या देवीने दुसरीला दार उघडून दिलं! मला तर हे फारच आवडलं.

ग्रीक कारागिरांनी तिला आपल्याकडची वस्त्रं नेसवली. पण छातीवर बांधलेली वस्त्राची गाठ आणि हातातलं खुळखुळ्यासारखं वाद्य ही तिची खूण राहिली. अथेन्स परिसरातल्या कितीतरी बायकांच्या थडग्यांवर त्या याच वेशात कोरलेल्या दिसतात. मेल्यावरही त्यांना इसिसची भक्त म्हणूनच ओळख हवी होती.

रोममध्ये मात्र सगळं इतकं सोपं नव्हतं. इ.स.पूर्व पहिल्या शतकात तिथल्या सिनेटने तिची पूजास्थानं पाडण्याचे हुकूम पुन्हा पुन्हा काढले. एकदा तर एकही मजूर देवळाला हात लावायला धजेना. शेवटी कॉन्सलने, म्हणजे राज्याच्या प्रमुख अधिकाऱ्यानेच, अंगावरचं मानाचं वस्त्र उतरवून दारावर कुऱ्हाड घातली, असं एका रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. तरी भक्ती काही थांबली नाही. प्रॉपर्शियससारखा कवी तर कवितेत कुरकुरतो, की इसिसच्या व्रताच्या रात्री प्रेयसी मला जवळ येऊ देत नाही!

पुढे पाँपेई शहरात इ.स. ६२ च्या भूकंपात इसिसचं देऊळ कोसळलं. ते पुन्हा बांधल्याचा मान शिलालेखात मिळालाय सेल्सिनस नावाच्या सहा वर्षांच्या मुलाला. अभ्यासक सांगतात, की बाप मुक्त झालेला गुलाम असल्याने त्याला नगरसभेत बसता येत नव्हतं. त्याने मुलाच्या नावाने देऊळ बांधलं आणि मुलाला सभेत जागा मिळाली. परदेशातून आलेल्या देवीने एका गुलामाच्या घराला प्रतिष्ठा दिली ती अशी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेलं हे देऊळ १७६४ साली खोदकामात सापडलं.

इजिप्तमध्ये मिळालेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर इसिसला कुठे कोणत्या नावाने ओळखतात, याची लांबलचक यादी आहे. त्यात चक्क भारतही आहे. इथलं तिचं नाव दिलंय ‘माइया’! स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचं बळ तिनेच दिलं, असंही त्यात म्हटलंय.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने फिले बेटावरचं तिचं देऊळ बंद झालं. तोवर तिने कितीतरी भाषा आणि कितीतरी बंदरं पाहिली होती. त्या परक्या बायकांनी तिला इतक्या सहज आपलं का म्हटलं असेल? मला वाटतं, नवरा गेल्यावर एकटीने मूल वाढवणं म्हणजे काय, हे कळायला कुणालाच दुभाषा लागत नाही.