नाटक पडद्यावर पाहताना

एका कलेतील कृती दुसऱ्या कलेत नेली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न विद्यार्थिदशेतच मनात उभा राहणे इष्ट होय. कथेचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो आणि आपण बहुधा एवढेच विचारतो, की चित्रपट मूळ नाटकाप्रमाणे आहे किंवा नाही. वस्तुतः हा प्रश्न अपुरा आहे. रंगभूमीवर मान्यता पावलेल्या नाटकांवरून आपल्या देशात काही प्रयोगशील चित्रपट निर्माण झाले. त्यांत गल्ल्याचा विचार दुय्यम होता. नाट्यवस्तूला पडद्यावर कोणते नवे रूप देता येईल, हा शोध मुख्य होता. असे चित्रपट कसे पाहावेत आणि ते पाहण्याने आपणांस काय लाभते, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या विषयाचा आपल्या भागाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद हा प्रदेश तत्कालीन मैसूर राज्यात आला. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि त्यातील आळंद तालुकाही इकडेच राहिला. घरात मराठी, बाजारात कानडी व दखनी, अशी आपली दिनचर्या आहे. परंतु पुण्यामुंबईच्या नाटकमंडळींचे दौरे सोलापुरापर्यंत जितके येतात, तितके या बाजूस येत नाहीत. त्यामुळे विजय तेंडुलकर, मोहन राकेश किंवा गिरीश कार्नाड यांच्या नाटकांची गाठ आपल्या मुलांना आधी पुस्तकात पडते आणि पुढे पडली तर पडद्यावर. तो पडदा हल्ली हातातील फोनचाही असतो. जे एकच दार आपल्यासाठी उघडे आहे, ते कसे ओलांडावे हे ठाऊक नसेल, तर अर्ध्या घटकेत 'फार संथ आहे' असे म्हणून आपण परत फिरतो. हे नुकसान लहान नव्हे.

नाटकाचा चित्रपट करणे हे एक प्रकारचे भाषांतर आहे, आणि भाषांतर म्हणजे काय हे सीमाभागातील मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. आपला कानडी शेजारीही 'बर्तीनि', म्हणजे 'येतो', असेच म्हणतो. येथे शब्दास शब्द जुळला. परंतु हाच शब्द इंग्रजीत जसाच्या तसा ठेवला, तर ऐकणाऱ्यास हा मनुष्य निघाला आहे की येत आहे, हेच कळणार नाही. तेथे शब्द सोडून भाव धरावा लागतो. रंगभूमीवरून पडद्यावर जातानाही हेच घडते. काही गोष्टी जशाच्या तशा नेता येतात. काहींसाठी नवा शब्द शोधावा लागतो. नाटकापुढे कॅमेरा ठेवून केलेले चित्रण म्हणजे नुसता शब्दास शब्द होय. प्रयोगशील दिग्दर्शक नव्या शब्दाच्या शोधात असतो.

रंगभूमी आणि पडदा यांच्यातील पहिला भेद दृष्टीचा आहे. नाट्यगृहात प्रेक्षक आपल्या आसनावरून संपूर्ण रंगमंच पाहतो. बोलणाऱ्याकडे पाहावे की ऐकणाऱ्याकडे, हे तोच ठरवितो. चित्रपटात ही निवड दिग्दर्शकाने आधीच केलेली असते. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 'रंगायन' संस्थेने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावी येते. वेळ घालविण्यासाठी खोटा खटला चालविण्याचा खेळ सुरू होतो, लीला बेणारे या शिक्षिकेस आरोपी करण्यात येते आणि पाहता पाहता तो खेळ तिच्या खाजगी आयुष्याची निर्दय झडती होऊन बसतो. सारे नाटक एका सभागृहात घडते. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, छायालेखन गोविंद निहलानी यांचे, आणि बेणारेची भूमिका रंगभूमीप्रमाणेच पडद्यावरही सुलभा देशपांडे यांनी केली. अमोल पालेकर व अमरीश पुरी हेही त्यात आहेत.

नाटक तेच, नटीही तीच. म्हणून हे उदाहरण अभ्यासास फार सोयीचे आहे. रंगमंचावर बेणारेची वेदना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावयाची, तर तीत आवाजाचा आणि सर्वांगाचा वाटा मोठा असतो. कॅमेरा जवळ गेला म्हणजे ओठांची किंचित हालचालही पुरते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की क्लोजअप आरोपीचाच असतो असे नाही. तो न्यायाचा आव आणणाऱ्यांचाही असू शकतो. दुसऱ्याची फजिती पाहताना सभ्य माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो दुरून दिसत नाही, जवळून दिसतो. पडद्यावर तो पाहिला म्हणजे आपल्याच वर्गात कोणाची टिंगल चालू असताना आपला चेहरा कसा दिसत असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरा भेद अवकाशाचा. तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. त्यात माणसांची एक रांगच भिंत होते. ती डोलते, गाते, मागचे झाकते आणि हवे तेव्हा उघडते. कीर्तन, खेळे, लावणी असे आपल्या परिचयाचे प्रकार त्यात एकत्र आले आहेत. भारूड आणि गोंधळ ऐकलेल्या, किंवा कानडी दोड्डाट पाहिलेल्या आपल्या भागातील प्रेक्षकास असा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

ही मानवी भिंत पडद्यावर कशी न्यावी? रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूस बसलेला असतो, म्हणूनच ती भिंत ठरते. कॅमेरा मात्र तिच्या पलीकडेही जाऊ शकतो. पुण्याच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' ही सहकारी संस्था काढून १९७६ साली या नाटकावर चित्रपट केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा व कमल स्वरूप या चौघांची नावे दिग्दर्शक म्हणून त्यास आहेत. नानांच्या भूमिकेत रंगभूमीवरचेच मोहन आगाशे आणि घाशीरामाच्या भूमिकेत ओम पुरी आहेत. भिंतीच्या ठिकाणी त्यांनी दीर्घ, मध्येच न तोडलेल्या चित्रणांचा उपयोग केला. कॅमेरा जमावाबरोबर फिरतो, आणि त्यामुळे प्रेक्षकही जमावाच्या बाहेर राहू शकत नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एक कोतवाल निर्माण करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हाती देते, ही त्यातील कथा. चित्रपट झाला तेव्हा देशात आणीबाणी चालू होती, हे ध्यानात ठेवून तो पाहावा.

तिसरा भेद वाणीचा आहे. मोहन राकेश यांचे 'आषाढ का एक दिन' हे १९५८ सालचे हिंदी नाटक कालिदास आणि त्याची ग्रामसखी मल्लिका यांच्याविषयी आहे. कवी उज्जयिनीस जातो, कीर्ती मिळवितो. मल्लिका गावातच राहते. तीनही अंक तिच्या घरात घडतात. मणी कौल यांनी १९७१ साली त्यावर चित्रपट केला, तेव्हा मल्लिका रेखा सबनीस यांनी आणि कालिदास अरुण खोपकर यांनी रंगविला. संवाद आधीच ध्वनिमुद्रित करून चित्रणाच्या वेळी ते ऐकविण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. त्यामुळे नटास शब्दफेकीची चिंता उरली नाही. वाणी शांत, समपातळीवर वाहते, आणि हात, खिडकी, प्रकाश यांना जणू बोलावयास अवसर मिळतो. अशा चित्रपटात 'काही घडत नाही' अशी तक्रार पुष्कळांची असते. परंतु मल्लिकेचे आयुष्य वाट पाहण्यात गेले आहे. ती वाट पाहणे जर भराभर बदलणाऱ्या दृश्यांतून दाखविले, तर ते वाट पाहणे राहणारच नाही. संथपणा हा येथे दोष नसून अर्थ आहे. अर्थात् प्रत्येक संथ चित्रपट चांगला असतो, असे मात्र कोणी समजू नये. संथपणाने काय साधले, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला सदैव आहे.

भाषांतर किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण जपानमध्ये सापडते. अकिरा कुरोसावा यांनी १९५७ साली शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून चित्रपट केला. त्यांनी ती कथा मध्ययुगीन जपानातील सरदारांत नेली, मूळ काव्यमय भाषणे बाजूस ठेवली आणि आपल्या देशातील प्राचीन 'नो' नाट्याचा आधार घेतला. नायकाची स्त्री मुखवट्यासारखा स्थिर चेहरा ठेवून वावरते. तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ ऐकूनच भय वाटते. शब्द जवळजवळ सर्व गेले, तरी महत्त्वाकांक्षेची शोकांतिका राहिली. याउलट आपल्याकडे कुसुमाग्रजांचे १९७० सालचे 'नटसम्राट' २०१६ साली पडद्यावर आले, तेव्हा मूळ भाषणांचे सामर्थ्य मोठ्या प्रमाणात कायम ठेवण्यात आले. तो लोकप्रिय चित्रपट अनेक घरांत पाहिला गेला असेल. दोन्ही मार्ग आहेत. कोणता मार्ग कोणत्या नाटकास मानवतो, हे पाहणे हाच रसिकाचा अभ्यास.

चित्रपटात काही हरवतेही, हे मान्य केले पाहिजे. रंगभूमीवर नट आणि प्रेक्षक एकाच हवेत श्वास घेत असतात; प्रेक्षागारातील शांतता नटाला ऐकू येते आणि त्याचा पुढचा शब्द त्यामुळे बदलतो. पडद्यावरील नटास आपली शांतता ऐकू येत नाही. म्हणून चित्रपट हा नाटकाचा पर्याय नव्हे. संधी मिळेल तेव्हा सोलापूरला जाऊन प्रयोग पाहावा, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतः नाटक करावे, हेच उत्तम.

आता पाहण्याच्या रीतीविषयी थोडे. प्रथम मूळ नाटक वाचावे; वाचनालयात त्याची प्रत मिळविणे अवघड नसते. वाचताना एक प्रवेश निवडून, आपण कॅमेरा कोठे ठेवला असता, हे वहीत लिहावे. मग चित्रपट पाहावा. शक्यतो एकट्याने नव्हे, घरच्यांच्या किंवा मित्रांच्या सोबतीने, आणि मध्ये न थांबता. पाहिल्यावर तीन प्रश्न विचारावेत. नाटकातील काय गाळले? नवे काय घातले? आणि जे ठेवले, ते कोणत्या नव्या रूपाने ठेवले? 'आवडले' किंवा 'आवडले नाही' हे उत्तर या तिन्ही प्रश्नांनंतर द्यावे. घरातील वडील माणसांनीही या चर्चेत भाग घ्यावा. ज्यांनी पूर्वी कंपनी नाटके पाहिली आहेत, त्यांच्याजवळ मुलांना देण्यासारखे पुष्कळ आहे.

अशा चित्रपटांना प्रेक्षक असणे हे त्यांच्या अस्तित्वासाठीही आवश्यक असते. नाटकाचे पुस्तक पुन्हा छापता येते, प्रयोग पुन्हा उभा करता येतो. चित्रपटाची फीत मात्र नष्ट झाली की तो संपला. चित्रपटांच्या जतनासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी त्या कार्यास आयुष्य वाहिले. तरीही 'घाशीराम कोतवाल' हा मराठी चित्रपट नव्या तंत्राने पुन्हा पाहण्याजोगा झाला, तो बर्लिन येथील आर्सेनाल या संस्थेने सांभाळलेल्या प्रतीमुळे. आपल्या भाषेतील कृती परक्या देशात जपली जावी, ही त्या संस्थेस भूषणावह गोष्ट आहे. आपणांस मात्र ती विचार करावयास लावणारी आहे.

आपल्या भूमीनेही नाटककारांस विषय पुरविले आहेत. कार्नाडांच्या 'तुघलक' या १९६४ सालच्या कानडी नाटकाचे मराठी रूपांतर तेंडुलकरांनीच केले. त्या सुलतानाविरुद्ध दख्खनच्या अमीरांनी उठाव केला आणि १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले. त्याची राजधानी होती आपले कलबुर्गी. कार्नाडांचे 'तलेदंड' हे १९९० सालचे नाटक बाराव्या शतकातील कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, घडते. महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी जातिभेद मोडू पाहिला आणि त्याची भयंकर किंमत दिली, ही त्यातील कथा मराठीतही वाचावयास मिळते. विद्यार्थ्यांनी ते नाटक मिळवून वाचावे, त्यातील एक प्रवेश निवडावा आणि एका सकाळी बसवकल्याणात फिरून ठरवावे, की हा प्रवेश पडद्यावर आणावयाचा झाल्यास कॅमेरा कोठे ठेवावा: किल्ल्याच्या भिंतीवर, एखाद्या अंधाऱ्या खोलीत, की रस्त्यावरच्या माणसांत? संवाद कोणत्या भाषेत असावेत, हा प्रश्नही तेव्हा आपोआप उभा राहील. त्याचे उत्तर देण्यास मराठी आणि कानडी दोन्ही जाणणाऱ्या मुलांइतके योग्य कोण असणार?