कर्ण घेतला का?

१९८७च्या पावसाळ्यात मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या घरात त्या शब्दाचा नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. "म्हणजे सिव्हिलच ना?" काकांनी विचारलं. आत्याची समजूत अशी, की मी वास्तुशास्त्र शिकणार आणि देवघर कुठल्या दिशेला असावं ते लोकांना सांगणार. वडिलांनी एकच चौकशी केली, "किती वर्षं?" पाच म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर व्हायला लागतात तेवढीच की गं."

त्या पावसाळ्याला आता तीन तपं उलटली. त्यातली दोन तपं मी आठवड्यातून दोन दिवस शिकवतेही आहे. दर जूनमध्ये कुणी ना कुणी नातेवाईक फोन करतो, "मुलीला आर्किटेक्चरला घालू का?" पूर्वी मी फी, नोकरी, पगार असं काहीबाही सांगत असे. यंदा उत्तर देण्याआधी जरा मागे वळून पाहावंसं वाटलं.

पहिल्या वर्षी महिनाभर आम्ही नुसत्या रेघा ओढल्या. आडव्या, उभ्या, तिरप्या. एच पेन्सिलची रेघ वेगळी, टू-एचची वेगळी. भिंत कापली जाते तिथे रेघ जाड, नुसती दिसते तिथे बारीक. पुण्याच्या पीएमटी बसमध्ये टी-स्क्वेअरची लांब पट्टी घेऊन चढलं की माणसं आपोआप जागा करून द्यायची, डोळा फुटण्याच्या भीतीने. पुढे रॉट्रिंग पेनं आली. सबमिशनच्या आदल्या रात्री ती हमखास चोंदायची, आणि ट्रेसिंग पेपरवर पडलेला शाईचा थेंब ब्लेडने खरवडता खरवडता कागदाला भोक पडायचं. त्या रात्रींना आम्ही 'नाईट मारणं' म्हणायचो. सकाळी अमोनियाच्या वासाचे निळसर प्रिंट काखोटीला मारून परीक्षकांच्या ज्युरीसमोर उभं राहायचं. ज्युरीत रडलेली मुलं मी पाहिली आहेत. एकदा मीही त्यात होते.

या साऱ्या रेघा कशासाठी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. त्याचं उत्तर पुष्कळ नंतर, आपल्या शिक्षणाचा इतिहास वाचताना सापडलं.

मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली जे.जे. कलाशाळा सुरू झाली. तिथे चित्रं काढायला शिकवत, मूर्ती घडवायला शिकवत. लॉकवुड किपलिंगसारखे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह मुंबईच्या नव्या इमारतींवरचं कोरीव काम करत. इमारतींचे आराखडे मात्र बहुतेक इंग्रज माणसं करायची. १८९६ साली शाळेत ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला तो त्यांच्या मदतीला. साहेबाने विचार करायचा, आपल्या पोरांनी तो कागदावर स्वच्छ उतरवायचा, अशी वाटणी. आजचं आपलं आर्किटेक्चरचं शिक्षण या नकलनवीस वर्गातून उगवलं आहे. आमच्या पहिल्या महिन्यातल्या रेघा त्या वर्गाचा वारसा होत्या.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या वर्गाचा रीतसर अभ्यासक्रम झाला. तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी मे १९१७ मध्ये आपली एक संघटना काढली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाचे आर्किटेक्ट. तीच संघटना १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. विद्यार्थ्यांच्या मंडळातून देशभराची व्यावसायिक संस्था उभी राहावी, याची मला अजूनही गंमत वाटते.

पण खरं वळण दिलं ते क्लॉड बॅटली यांनी. १९२३ पासून पुढची वीस वर्षं जे.जे.तलं आर्किटेक्चर त्यांच्या हाती होतं. ग्रीक-रोमन खांबांच्या नकला करणाऱ्या मुलांना त्यांनी टेप आणि दोरी देऊन आपल्याच देशातल्या जुन्या इमारतींकडे पाठवलं. देवळं, मशिदी, घरं मोजा आणि मोजमापाबरहुकूम काढा. अशा रेखाटनांमधून १९३४ साली त्यांचं भारतीय वास्तुकलेच्या विकासावरचं पुस्तक निघालं. दुसऱ्याने काढलेलं गिरवणारा हात आता समोरची भिंत स्वतः मोजू लागला होता. आचऱ्याचे अच्युत कानविंदे १९३५ मध्ये याच शाळेत आले. पुढे हार्वर्डला ग्रोपिअस यांच्याकडे शिकून आयआयटी कानपूरचा परिसर त्यांनी उभा केला. १९३६ साली पेरिन मिस्त्री यांनी तिथली पदविका घेतली आणि आर्किटेक्टचं रीतसर शिक्षण घेतलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव आलं. आमच्या चाळीस जणांच्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. आज मी ज्या वर्गावर जाते, तिथे मुलगे मोजावे लागतात.

बॅटलींनी घालून दिलेला तो रिवाज, 'मेझर्ड ड्रॉइंग', आमच्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही वाईला एक वाडा मोजायला गेलो. सहा जणांचा गट, दोन टेप, एक ओळंबा, सुतळी आणि क्लिपबोर्ड. दारातच त्या घरच्या आजींनी अडवलं, "काय गं पोरींनो, वाडा विकायला काढलाय का आमच्या माणसांनी?" नाही म्हणून पटवायला अर्धा तास गेला. त्यानंतर मात्र चहा, पोहे आणि दुपारचा वरणभातही त्यांच्याकडेच झाला.

तीन दिवस आम्ही मोजत होतो. जोत्याची उंची, ओसरीच्या खांबांमधलं अंतर, तळखड्याची रुंदी, कोनाड्याची खोली, कडीपाटातल्या कड्या किती आणि किती अंतरावर. चौकाच्या चारही बाजू घेतल्या, दोन्ही कर्णही घेतले. ते एकसारखे भरले. म्हणजे चौक काटकोनात होता. आम्ही खूश. पुण्याला येऊन शीट टाकायला घेतली, तर शेवटची बाहेरची भिंत जुळेना. एकास पन्नासच्या प्रमाणात जेमतेम चार मिलिमीटरची फट. मी काय केलं, तर पेन्सिलीने ती हळूच ओढून घेतली. चार मिलिमीटर कोण बघतंय!

आमच्या सरांनी बघितली. शीटवर बोट ठेवून म्हणाले, "इथे काहीतरी ओढून घेतलंय. कोठीच्या खोलीचे कर्ण घेतले का?" नव्हते घेतले. खोली अंधारी होती, धान्याच्या कणग्या होत्या, आत उंदीर होते. दारापाशी भिंतीची जाडी मोजून आम्ही बाहेर आलो होतो. "मग जा," सर म्हणाले. "चार मिलिमीटर म्हणजे तिथे वीतभर आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटहून एसटी धरली. आजींनी कणग्या सरकवायला गडी दिला आणि कंदील दिला. भिंत एका टोकाला साठ सेंटिमीटर जाड होती, दुसऱ्या टोकाला एकोणऐंशी. खोलीच्या आतून बघितलं तर काही कळत नव्हतं. बाहेर येऊन मी गल्लीत उभी राहिले तेव्हा उलगडा झाला. घाटाकडे जाणारी गल्लीच तिरकी होती, आणि बाहेरची भिंत गल्लीला धरून चालली होती. ज्याने तो वाडा बांधला, त्याने चौक काटकोनात राखला, ओसरी राखली, माजघर राखलं आणि गल्लीचा सगळा तिरकेपणा गोळा करून कुणाची नजर जात नाही अशा कोठीच्या भिंतीत जिरवला.

मी हे सरांना सांगितलं. ते हसले आणि विचारलं, "आता सांग, हा गवंडी कुठल्या कॉलेजात गेला होता?"

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. तो गवंडी कॉलेजात गेला नव्हता, पण शिकला नव्हता असं नाही. बापाच्या किंवा वस्तादाच्या हाताखाली वीस-पंचवीस वर्षं काढली असतील तेव्हा कुठे तिरकी गल्ली त्याला पाहताक्षणी दिसली असेल. कॉलेज ती वीस वर्षं पाचात बसवू पाहतं. ते साधतं तेव्हा मूल एखाद्या चार मिलिमीटरच्या फटीपाशी अडतं आणि परत जातं. नाही साधलं, तर ते फट ओढून घेतं आणि पदवीही मिळवतं.

चौथ्या वर्षी प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी एका ऑफिसात लागले, तिथे हा धडा पुन्हा मिळाला. जिन्याचं वर्किंग ड्रॉइंग माझं होतं. पायऱ्यांचं गणित मी तीन-तीनदा तपासलं होतं. साईटवर मिस्त्रीने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "ताई, खाली भर घालून लादी बसली की पहिली पायरी तीन इंचाचीच राहील." लादीची जाडी मी धरलीच नव्हती. सुदैवाने अजून काँक्रीट पडलं नव्हतं.

आमच्या आधीच्या पिढीने या शिक्षणाची चौकट बरीच बदलली होती. १९५८ मध्ये जे.जे.तलं आर्किटेक्चर कलाशाळेपासून वेगळं झालं आणि त्याचं स्वतंत्र कॉलेज झालं. त्याच जे.जे.त शिकायला सुरुवात केलेल्या पुण्याच्या बाळकृष्ण दोशींनी पॅरिसला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएंकडे उमेदवारी केली, आणि १९६२ मध्ये अहमदाबादला नवी शाळा काढली. वर्गाच्या भिंती शक्य तितक्या कमी आणि गुरु-शिष्यांच्या गप्पांना जागा भरपूर, असा तिचा घाट. २०१८ मध्ये वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. मग १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आला. पाच वर्षांची पदवी घ्या, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करा, तरच नावापुढे 'आर्किटेक्ट' लावा. या पाटीचं मोल आमच्या वडिलांना फार होतं. आराखडे करण्याचं काम मात्र त्या कायद्याने नोंदणी केलेल्यांपुरतं राखून ठेवलेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे कायदा पाटी राखतो. तिच्यामागचं कसब ज्याचं त्यानेच राखायचं.

नव्वदीनंतर महाराष्ट्रात खासगी कॉलेजं भराभर निघाली. आज देशभरात आर्किटेक्चरची कॉलेजं शेकड्यांनी आहेत आणि कित्येक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. माझ्या गावाकडच्या मुलीला पुण्या-मुंबईला न जाता आर्किटेक्चर शिकता येऊ लागलं, ही त्यातली चांगली बाजू. शिकवायला अनुभवी माणसं पुरली नाहीत, ही दुसरी. प्रवेशासाठी २००६ पासून 'नाटा' परीक्षा आली आणि तिच्यामागोमाग क्लासही आले. कल्पनाशक्तीचेही क्लास निघू शकतात, हे तेव्हा कळलं.

मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात एकच संगणक होता आणि त्यावर रुमाल झाकलेला असायचा. दहा वर्षांत ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. मला त्याचं दुःख नाही; चोंदलेल्या रॉट्रिंगची आठवण काढून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. संगणकावर ऑटोकॅडमध्ये रेघ आपसूक दुसऱ्या रेघेला जाऊन चिकटते. फट उरतच नाही. आम्ही पेन्सिलीने चोरून जे करत होतो, ते यंत्र न विचारता करतं. २०२० मध्ये टाळेबंदीत पडद्यावर ज्युरी झाल्या. इमारती झगमगत होत्या, आकाश निळं होतं, झाडं केरळातली आणि साईट सोलापूरची. एकाही विद्यार्थ्याला ती जागा पायाखालची नव्हती. त्या वर्षी त्यांचा इलाज नव्हता. जागा न पाहता काढायची सवय मात्र नंतरही काहींची सुटली नाही.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन मी पुन्हा एक वाडा मोजायला गेले. त्यांच्याकडे लेझरचा मीटर होता. लाल ठिपका भिंतीवर टेकला की आकडा हजर. तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं. रात्री एका मुलीने लॅपटॉप पुढे केला, "मॅम, सगळं जुळलं." मी विचारलं, "कर्ण घेतले का?" ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळी उठून बघते तर ती आणि तिची मैत्रीण टॉर्च घेऊन मागच्या खोलीत शिरल्या होत्या.

तेव्हा, ज्यांच्या घरात यंदा बारावी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. फी आणि पगाराची चौकशी करा, ती करायलाच हवी. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, तयारी ठेवा. पण फॉर्म भरण्याआधी मुलीच्या किंवा मुलाच्या हातात एक साधा टेप द्या आणि म्हणा, आपलं घर मोज आणि कागदावर काढ. रेघा वाकड्या आल्या तर येऊ द्यात, त्या वर्षभरात सरळ होतात. शेवटची भिंत जुळणार नाही, हेही नक्की. तेव्हा ते मूल काय करतं ते बघा. पुन्हा टेप घेऊन उठलं, तर खुशाल पाठवा.