गारगोटी आणि तिचा तोतया

पुणे, नाशिक, जळगाव या भागात दगडखाणीत सुरुंग लागला की काळ्या पाषाणात मधूनच एखादी पोकळी उघडी पडते आणि आत बघावं तर भिंतभर लखलखते स्फटिक! हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी या पोकळ्या केल्या. पुढे फटींतून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं विरघळलेली द्रव्यं तिथं आणली आणि अणूवर अणू रचत स्फटिक वाढवले.

त्यातले दोन पांढरे तुकडे हातात घ्या. एक क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. दुसरा कॅल्साइट. दिसायला इतके सारखे की भलेभले फसतात. मग ओळखायचे कसे?

चाकूचं टोक ओढा. कॅल्साइटवर लगेच चरा पडतो. गारगोटीवर उमटते ती चाकूच्याच पोलादाची रेघ! आता हातोडी मारा. गारगोटीच्या वेड्यावाकड्या, वळणदार कपच्या उडतात. कॅल्साइट मात्र तिरप्या चौकटींच्या ठोकळ्यांतच फुटतो. ठोकळा पुन्हा फोडा, चुरा करून भिंगाखाली धरा, तरी बारीक कणांत तोच तिरपेपणा! स्वच्छ ठोकळा वर्तमानपत्रावर ठेवलात तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण आत शिरलेला प्रकाश दुभंगतो. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिननं १६६९ मध्ये हे लिहून ठेवलं, पण असं का होतं हे त्यालाही उलगडलं नव्हतं. राहिला लिंबाचा रस. कॅल्साइटच्या चुऱ्यावर तो पिळला की कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर येतो. गारगोटी ढिम्म.

एवढा फरक येतो कुठून? अणूंच्या रचनेतून. गारगोटीत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यातला प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या सिलिकॉनचाही हात धरून असतो. सगळीकडून सारखीच घट्ट वीण, मग ती अमुक ठिकाणी उसवावी कशी? कॅल्साइटमध्ये सिलिकॉन नाहीच. तिथं कॅल्शियम आणि कार्बोनेट, आणि तीन दिशांना कमकुवत प्रतलं. घाव पडला की तो त्यांवरूनच फुटतो.

मला सर्वांत थक्क करतं ते पुढचं. सिलिकॉन-ऑक्सिजनची हीच चौकडी वेगळी जोडली की खनिजच बदलतं! चौकड्या सुट्या ठेवून मध्ये लोह-मॅग्नेशियम भरलं की हिरवट ऑलिव्हिन. एकेरी साखळीत ओवल्या की पायरॉक्सिन, ज्यानं आपला पाषाण काळा दिसतो. थरांत पसरल्या की अभ्रक, ज्याचे पापुद्रे नखानं सुटतात. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांचा आहे.

आणि आपली काळी कसदार जमीन? पाषाणातली खनिजं ऊन-पावसात कुजून त्यांची माती होते, तेव्हा तिच्यातही अभ्रकासारखेच थर तयार होतात. पण हे थर सैल असतात. पावसाळ्यात पाणी थेट थरांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेलं की माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या थरांची ही ताकद भिंतीसुद्धा तडकवते. म्हणून काळ्या मातीत घर बांधताना पाया खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो.