वनौषधींची शेती आणि जिवाणू खते

औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून घ्यावे, याचा विचार चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात व सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात केला आहे. वारूळ, स्मशान येथील द्रव्य त्यांनी वर्ज्य मानले. आज अश्वगंधा शेतातून येते. त्या शेतात कोणते खत पडले, हे वैद्य सहसा विचारीत नाही आणि व्यापारी सांगत नाही. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर आपल्यात शोधन-मारणाची चर्चा झाली, भूमीची फारशी नाही. वास्तविक खनिज फॉस्फेटपासून बनलेल्या खतांतून कॅडमियमही मातीत उतरू शकते.

जिवाणू खत म्हणजे मातीला लावलेले विरजणच. मात्र प्रत्येक दुधाला एकच विरजण चालत नाही. रायझोबियम शिंबी वर्गातील वनस्पतींच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करते. म्हणून ते कुहिली, बावची, ज्येष्ठमध यांना उपयोगी, आणि तेही त्या त्या पिकाच्या गटाचे असेल तरच. अश्वगंधा वांग्याच्या कुळातील. तिला रायझोबियम चोळणे व्यर्थ. तेथे ॲझोटोबॅक्टर योजावे. त्यास सेंद्रिय कर्ब लागतो, म्हणजे शेणखत चुकत नाही. (उपाशी रुग्णास केवळ दीपन देऊन काय होणार?) आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून तो मोकळा करतात. नवा स्फुरद मात्र निर्माण करीत नाहीत. त्यामुळे माती परीक्षण न करता रासायनिक खत एकदम बंद करावे, असा आग्रह आम्ही धरणार नाही.

दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचेच असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतांचा समावेश २००६ साली झाला. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक आहे. दुकानाच्या दारात उन्हात तापलेल्या पाकिटात त्यांतील किती उरत असतील? अश्वगंधा पुरविणाऱ्या शेतकऱ्याकडे आम्ही तीन गोष्टींची नोंद मागतो: पाकिटावरील पिकाचे नाव, अंतिम मुदत आणि पेरणीचा दिवस.