बातमी नटाची, कळ चाहत्याच्या छातीत

एखाद्या लोकप्रिय नटाला हृदयविकाराचा झटका आल्याची बातमी रात्री दूरचित्रवाणीवर झळकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयात केसपेपरची रांग नेहमीपेक्षा लांबते. रांगेत तिशी-चाळिशीतली माणसे जास्त असतात. कोणी रिक्षाचालक, कोणी कारकून, कोणी नुकतीच जिम लावलेला तरुण. तक्रार साधारण एकच : छातीत दुखतंय, धडधडतंय, एकदा ईसीजी काढून द्या. बोलता बोलता खरे कारण बाहेर येते. ‘एवढा धडधाकट माणूस गेला डॉक्टर, मग आपलं काय?’

अशा रुग्णाला हसण्यावारी नेण्याचा मोह घरच्यांना होतो, कधी कधी डॉक्टरांनाही होतो. ज्याला आयुष्यात कधी भेटला नाही त्याच्यासाठी एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे सहज म्हटले जाते. पण ही कळ नाटकी नसते. आणि ती पुढे कुठे जाईल, तपासणीच्या खोलीत, रागात की एखाद्या अविचारात, हे बऱ्याच अंशी ती बातमी कशी सांगितली गेली यावर ठरते.

बंगळुरूचे उदाहरण

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीतला आघाडीचा नट पुनीत राजकुमार बंगळुरूत वारला. वय अवघे ४६. नियमित व्यायाम करणारा, पडद्यावर नाचणारा, उड्या मारणारा हा माणूस सकाळी अस्वस्थ वाटू लागल्यानंतर काही तासांत गेला. चाहत्यांचा तो लाडका ‘अप्पू’. कंठीरवा स्टेडियमवर अंत्यदर्शनासाठी लोटलेली गर्दी सगळ्या देशाने पाहिली.

त्यानंतरच्या दिवसांत एकाच बातमीचे चार वेगवेगळे परिणाम दिसले. पहिला, शहरातल्या हृदयरोग रुग्णालयांत तपासणीसाठी झुंबड उडाली आणि त्यात तरुणांची संख्या मोठी होती. दुसरा, राग. पुनीतवर सुरुवातीला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे काही चाहते आणि वाहिन्या संशयाने पाहू लागल्या. त्या डॉक्टरांना पोलीस संरक्षण द्यावे लागले. तिसरा परिणाम सर्वांत दुःखद : काही चाहत्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या आणि स्वतः शोकात असलेल्या कुटुंबाला चाहत्यांना आवरण्याचे आवाहन करावे लागले.

चौथा परिणाम मात्र वेगळा होता. पुनीतचे नेत्रदान झाले होते. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, थरांमध्ये वेगळा करून त्याचे पुढचे आणि मागचे थर निरनिराळ्या रुग्णांना बसवता येतात. त्यामुळे दोन डोळ्यांमधून चार जणांना दृष्टी मिळाली. ही बातमी ठळकपणे छापली गेली आणि कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला लोक मोठ्या संख्येने पुढे आले.

चाहते तेच, मृत्यू तोच. मग चार वाटा कशा फुटल्या?

एकतर्फी, पण खरे नाते

अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती तेव्हा, १९५६ साली, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवली. पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो आणि घरात बसलेल्या प्रेक्षकाला तो आपल्याशीच बोलतोय असे वाटते. रोज भेटणाऱ्या या माणसाशी हळूहळू ओळख होते, मग मैत्री होते. फक्त ती एका बाजूनेच असते. या नात्याला त्यांनी दिलेले ‘पॅरासोशल’ हे नाव आजही मानसशास्त्रात रूढ आहे.

हे नाते असणे हा आजार नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत ते करमणुकीपुरते आणि चार मित्रांत गप्पा मारण्यापुरते असते. काही जणांच्या बाबतीत ते अधिक खोल, खासगी होते. त्या कलाकाराचा विचार नको असतानाही मनात येत राहतो. अगदी थोड्यांच्या बाबतीत ते ताब्याबाहेर जाते. घरात एकटे पडलेले, नोकरी गेलेले, आधीच नैराश्यात असलेले लोक या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असतील, तर बातमीचा घाव त्यांना खोल बसतो. आवडत्या कलाकारावर टीका छापून आली की चाहता स्वतःचा अपमान झाल्यासारखा चवताळतो, त्याचेही मूळ इथेच आहे. त्याने त्या कलाकाराला आपल्या ओळखीचा भाग करून टाकलेले असते.

धडधड कुठून येते?

धक्कादायक बातमी ऐकली की शरीर अॅड्रेनलिन सोडते. नाडी जलद होते, घाम येतो, श्वास वाढतो. श्वास फार जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, चक्कर आल्यासारखे वाटते. आता या माणसाने आधीच वाचलेले असते की अमुक नटाला ‘छातीत अस्वस्थ वाटले आणि सारे संपले’. मग प्रत्येक ठोका त्याला धोक्याचा वाटतो, भीती वाढते आणि भीतीने ठोके आणखी वाढतात. याला घबराटीचा झटका म्हणतात. त्रास खराखुरा असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा मात्र नसतो.

पण हा निष्कर्ष रुग्णाने किंवा शेजाऱ्याने काढायचा नसतो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, सोबत घाम किंवा धाप लागणे, ही लक्षणे असतील तर ‘बातमीचा परिणाम असेल’ म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. एक ईसीजी सामान्य आला म्हणजे सारे संपले असेही नसते. गरजेप्रमाणे तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात.

इथेच बातमीदाराचा एक शब्द फार महत्त्वाचा ठरतो. ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदय बंद पडणे’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. हृदय बंद पडते तेव्हा बहुधा त्याच्या विद्युतप्रवाहाचा ताल बिघडलेला असतो. पहिल्यामुळे दुसरे घडू शकते, पण दोन्ही एक नव्हेत. ‘व्यायामाने घेतला बळी’ असा मथळा वाचून ज्यांनी चालायला जाणेही बंद केले, त्यांचे नुकसान त्या मथळ्याने केलेले असते. नियमित, झेपेल तेवढा व्यायाम हृदयाला उपयोगीच आहे.

बातमी औषध होते तेव्हा

ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोग हिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे मे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत तिथल्या चार राज्यांत स्तनतपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या स्त्रियांची संख्या ४० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी पूर्वी कधीच तपासणी केली नव्हती अशा स्त्रियांत ती दुपटीहून थोडी अधिक झाली. सरकारी मोहिमांना जे जमले नाही ते एका गायिकेच्या बातमीने केले. त्याचबरोबर धोका कमी असलेल्या तरुण स्त्रियांनीही मोठ्या संख्येने तपासण्या करून घेतल्या. म्हणजे कोणाला तपासणीची गरज आहे आणि कोणाला नाही हे बातमीत नसेल, तर चांगले औषधही चुकीच्या रुग्णाच्या पोटात जाते.

आपल्याकडे सोनाली बेंद्रे यांनी जुलै २०१८ मध्ये स्वतःच्या कर्करोगाची माहिती स्वतःच दिली. केस कापल्याचे छायाचित्रही स्वतः प्रसिद्ध केले. कर्करोग हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जातो, तिथे एका मराठी अभिनेत्रीने तो सरळ उच्चारला. तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या निधनाची खोटी बातमी पसरली आणि अफवा पसरवू नका अशी विनंती त्यांच्या पतीला करावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात अत्यवस्थ असताना हेच घडले. ते हयात असताना श्रद्धांजली वाहून झाली. २६ नोव्हेंबरला ते खरोखर गेले तेव्हा चाहत्यांना तोच धक्का दुसऱ्यांदा बसला. आणि रुग्णालयाबाहेर बसलेल्या घरच्यांचे काय झाले असेल?

शब्द जपून

सर्वांत जास्त जपायला हवे ते कलाकाराच्या आत्महत्येच्या बातमीत. अशा बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, याला १९७४ साली डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. विनोदी अभिनेता रॉबिन विल्यम्स ऑगस्ट २०१४ मध्ये गेला. त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के, म्हणजे १८०० हून अधिक आत्महत्या जास्त झाल्याचे अभ्यासकांना आढळले. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर सरासरी १३ टक्के वाढ दिसते. बातमीत मार्गाचे वर्णन असेल तर ही वाढ ३० टक्क्यांवर जाते.

पण हे अटळ नाही. गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये सिएटल शहरात गेला, तेव्हा मोठी लाट येईल अशी सर्वांना भीती होती. ती आली नाही. त्याच्या मृत्यूचे गोडवे गाण्याऐवजी पत्नीने दुःख आणि रागही जाहीर सभेत ऐकवला, बातम्यांसोबत मदतकेंद्रांचे दूरध्वनी क्रमांक सांगितले गेले. त्या दिवसांत त्या क्रमांकांवर येणारे फोन वाढले, आत्महत्या वाढल्या नाहीत. चाहत्यांचे दुःख तेवढेच होते. त्याला वाट कोणती मिळाली, एवढाच फरक.

भारतात प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये याविषयी नियमावली स्वीकारली : बातमी ठळक जागी नको, मार्गाचे वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, छायाचित्र नको. वर्षही झाले नव्हते आणि १४ जून २०२० रोजी मुंबईत सुशांतसिंह राजपूत गेला. त्यानंतर वाहिन्यांवर काय चालले ते सर्वांनी पाहिले. टाळेबंदीत घरात अडकलेल्या चाहत्यांपुढे महिनोन्‌महिने तेच दृश्य, तोच संशय, रोज नवा आरोपी. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या ‘माध्यमांच्या खटल्या’वर ताशेरे ओढून वार्तांकनाच्या मर्यादा सांगाव्या लागल्या. चाहत्यांचे दुःख या काळात शांत झाले नाही, त्याचे रागात रूपांतर झाले. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे, हे साधे वाक्य त्या गदारोळात कुणाच्या कानावरच गेले नाही.

चाहत्याने काय करावे?

दुःख झाले तर लाजू नये. जवळच्या माणसाशी बोलावे. पण तीच दृश्ये पुन्हा पुन्हा पाहणे थांबवावे. दिवसातून एकदा, विश्वासाच्या ठिकाणी बातमी वाचली तरी पुरते. निधनाचा संदेश आला की घरच्यांनी किंवा रुग्णालयाने दुजोरा देईपर्यंत तो पुढे पाठवू नये. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याविषयीचा निकाल मोबाइलवर लावू नये.

हृदयाची भीती वाटत असेल तर ती उपयोगात आणावी. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. तंबाखू आणि सिगारेट सोडावी. वडील किंवा भावाला ५५ वर्षांआधी, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. धडधाकट तरुणाने केवळ बातमी वाचून महागड्या स्कॅनच्या किंवा अँजिओग्राफीच्या मागे लागण्याची गरज नसते.

आणि घरातला कोणी अशा बातमीनंतर आठवडे उलटले तरी जेवत नसेल, झोपत नसेल, ‘आता जगून काय करायचं’ असे बोलत असेल, तर ‘नटासाठी काय रडतोस’ म्हणून त्याला गप्प करू नये. बातमी निमित्त असते, दुखणे बहुधा आधीचे असते. त्याच्याशेजारी बसून त्याला बोलू द्यावे, एकटे सोडू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

रांगेतल्या त्या रिक्षाचालकाचा ईसीजी बहुधा सामान्यच येतो. पण रक्तदाब मोजला की कधी कधी तो १६०च्या वर निघतो आणि हे त्याला आजवर कुणी सांगितलेले नसते. गोळी सुरू होते, तंबाखूची पुडी खिशातून निघून कचऱ्याच्या डब्यात जाते. आवडत्या नटाच्या जाण्याने एका चाहत्याची काही वर्षे वाढली, असे तेव्हा म्हणायला हरकत नाही.