पत्र्यावरचा आयात कर : भरतो कोण?

आमचा धंदा कापडाचा. लोखंडाशी आमचा संबंध दुकानाचे शटर आणि हातातला गज एवढाच. तरी या वेळी पत्र्यावरच्या आयात कराबद्दल लिहीत आहोत. हा कर आपल्या कारागिरांच्या खिशाला लागतो आणि तो कसा लागतो हे त्यांना सांगणारा कोणी भेटत नाही.

खापरखेड्याच्या बाजारात आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या कामाचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे वर टिनाचे छप्पर, एक पत्रा कापायचे यंत्र, एक वेल्डिंगचे, मिस्त्री आणि त्यांची दोन मुले. थंडीत पेट्या, आलमाऱ्या. फेब्रुवारी लागला की कूलर. गिऱ्हाईक विद्युत केंद्राच्या वसाहतीतले, वलनी आणि सिल्लेवाडा खाणींकडचे. मे महिन्यातले नागपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना कूलर ही चैन नाही हे सांगायला नको. २०२५ च्या मार्चमध्ये मिस्त्रींनी एका लॉनवाल्याला ४० मोठ्या कूलरच्या बॉडीचा भाव लेखी देऊन बयाणा घेतला. सगळा पत्रा एकदम उचलण्याइतका पैसा जवळ नव्हता. थोडा थोडा घेऊ म्हणाले, आणि तेवढ्यात भाव चढला. एका संध्याकाळी बिल घेऊन आमच्याकडे आले. "चाचा, बाहेरून येणाऱ्या पत्र्यावर सरकारने कर बसवला म्हणतात. पण हा पत्रा तर इथल्याच कारखान्याचा आहे. मग तो का महागला?"

आधी शब्दांचा घोळ काढू. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथे आयात-निर्यातीला दरामद-बरामद म्हणत. मराठीत मालावरच्या कराला पूर्वी जकात म्हणत. आपल्या फर्ज जकातीशी तिचा काही संबंध नाही. आज सरकारी कागदावर शब्द आहे सीमाशुल्क, आणि त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवले की पुरे. पहिला मूळ सीमाशुल्काचा. तो अंदाजपत्रकात ठरतो आणि साधारणपणे कोणत्याही देशाच्या मालाला लागतो. पोलादी पत्र्यावर २०२१ च्या अंदाजपत्रकापासून तो ७.५ टक्के आहे. मात्र जपान आणि दक्षिण कोरियाशी झालेल्या करारांमुळे तिथला माल या शुल्कातून सुटतो. दुसरा प्रकार डंपिंगविरोधी शुल्काचा. एखाद्या देशाचे कारखानदार घरच्या भावापेक्षा स्वस्तात माल इथे ओतत असतील तर फक्त त्या देशाच्या मालावर ते लागते. तिसरे संरक्षणात्मक शुल्क. त्यात कोणी बेइमानी केली असे सिद्ध करावे लागत नाही. आयात अचानक वाढली आणि इथल्या उद्योगाला जबर धक्का बसतो आहे एवढे दाखवले की ते काही काळापुरते बसवता येते.

मिस्त्रींना भोवले ते हे तिसरे. पोलाद कारखानदारांच्या संघटनेच्या अर्जावरून वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाने १९ डिसेंबर २०२४ रोजी चौकशी सुरू केली. मार्चमध्ये प्राथमिक निष्कर्ष आला आणि २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी १२ टक्के शुल्क लागले. कूलरचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मुदत संपली. मग डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तीन वर्षांचा अंतिम आदेश निघाला : पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के.

हे शुल्क सपाट मालावर आहे, म्हणजे गरम लाटलेला पत्रा व प्लेट, थंड लाटलेला पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत पत्रा. सळई आणि अँगल यात नाहीत, स्टेनलेस स्टीलही नाही. तेव्हा कोणी दुकानदार या शुल्काचे नाव सांगून सळईचा भाव वाढवत असेल तर त्याला हे जरूर विचारा.

आता हिशेब. बंदरावर उतरलेला १०० रुपयांचा पत्रा घ्या. मूळ शुल्क साडेसात रुपये, त्याच्या दहाव्या हिश्शाइतका समाजकल्याण अधिभार ७५ पैसे, संरक्षणात्मक शुल्क पहिल्या वर्षीच्या दराने १२ रुपये. झाले १२० रुपये २५ पैसे. या साऱ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे २१ रुपये ६५ पैसे. यातला जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला वजा मिळतो. शुल्काचे २० रुपये २५ पैसे मात्र कोणाला परत मिळत नाहीत, ते मालाच्या किमतीतच मुरतात. आमचे मिस्त्री नोंदणीकृत नाहीत. असे कारागीर आणि कंपोझिशनमध्ये असलेले छोटे दुकानदार यांच्या वाट्याला जीएसटीही वजा न होता येतो. कराच्या वर कर तो हाच.

पण मिस्त्रींचा प्रश्न देशी पत्र्याचा होता. त्याचे उत्तर कापडवाल्याला चटकन समजते. शेजारच्या दुकानात एखादे लुगडे ५०० ला मिळत असेल तर आम्ही तसेच लुगडे ६०० ला विकू शकत नाही. उद्या त्या शेजाऱ्यावर १०० रुपयांचा कर बसला तर आम्ही आमचे लुगडे ५०० ला ठेवू का? खरे सांगायचे तर नाही ठेवणार, ५९० म्हणू. देशी कारखान्याला कर भरावा लागत नाही, पण परदेशी माल जिथपर्यंत महागला तिथपर्यंत भाव चढवायला त्याला वाव मिळतो. कराची रक्कम सरकारी खजिन्यात जाते ती फक्त आयात मालाची. देशी मालावरची वाढ कारखानदाराच्या गल्ल्यात जाते, आणि दोन्ही देतो पत्रा वाकवणारा.

अर्थात वाव मिळाला म्हणून भाव चढतोच असेही नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत देशातला पुरवठा वाढला आणि पत्र्याचा भाव पुष्कळ उतरला. पण मिस्त्रींचे ४० कूलर तोवर देऊन झाले होते. समजा एका बॉडीला २० किलो पत्रा लागतो आणि किलोमागे ५ रुपये वाढले. कूलरमागे १०० रुपये आणि ४० कूलरला ४,००० रुपये गेले. मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही. या घरात ती मुलांच्या शाळेच्या फीची होती.

मग हा कर चूक आहे का? इतके सरळ म्हणता येत नाही. चीनने २०२४ मध्ये ११ कोटी टनांहून अधिक पोलाद निर्यात केले. त्यांच्याकडे घरबांधणी मंदावली, भट्ट्या मात्र चालूच राहिल्या, आणि उरलेला माल जगभर निघाला. अमेरिकेने २०२५ च्या जूनमध्ये पोलादावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. एका दारातून हाकललेला माल दुसरे दार शोधतोच. आपल्या देशात २०२४-२५ मध्ये तयार पोलादाची आयात सुमारे ९५ लाख टन झाली आणि निर्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली. कारखाना बंद पडला तर झळ फक्त मालकाला बसत नाही. आमच्याच सावनेर तालुक्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे, आणि मँगनीजचे मुख्य गिऱ्हाईक पोलादच. त्या खाणीतल्या मजुराच्या घरची खरेदी कुठे कुठे होते हे आम्ही गल्ल्यावर बसून पाहतो. त्याचा पगार थांबला तर आमच्या दुकानातले ईदचे आणि दिवाळीचे कापडही थांबेल.

आणि नागपूरकराने पोलादाच्या संरक्षणाला नाके मुरडणे शोभणारही नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापडाच्या व्यापारातून उभा राहिलेला हा माणूस पुढे लोखंडाकडे वळला. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा येथील खनिजाचा अहवाल त्यांनी १८८२ मध्ये वाचला होता, पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी नागपूरच्याच संग्रहालयात भूगर्भाचा नकाशा पाहिला आणि तो माग दुर्गकडच्या डोंगरांपर्यंत गेला. टाटांचे पहिले पोलाद निघाले १९१२ मध्ये, जमशेदपूरला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपचे स्वस्त पोलाद येऊ लागले तेव्हा हा कारखाना टिकला तो १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्याने. तोही आधी तीन वर्षांपुरताच होता. नुसत्या कच्च्या पोलादाला आडोसा दिला तर त्यापासून माल बनवणारे मरतील हे त्या वेळच्या टॅरिफ मंडळाने ओळखले होते, आणि तयार बांधकामी पोलादी मालावरही कर वाढवला गेला. (कापडाच्या नशिबी मात्र त्याच राजवटीत उलटे होते. लँकेशायरच्या समाधानासाठी देशी मिलच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता, तो १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालला.)

आमच्या मते १९२४ ची ती गोष्ट आजही लागू आहे. कराच्या पायऱ्या असाव्यात. भंगार आणि खनिज सर्वांत खाली, मग पत्रा आणि कांब, आणि त्याहून वर तयार वस्तू. पत्र्यावर १२ टक्के जास्तीचे आणि त्याच पत्र्याच्या परदेशी तयार वस्तूवर जास्तीचे काहीच नाही, असे झाले की पायरी उलटी होते. मग आयातदार पत्रा आणण्यापेक्षा तयार वस्तूच आणतो आणि मिस्त्रींचे काम जाते. सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. पोलादी भंगारावरचे शुल्क २०२१ मध्ये माफ झाले, तांब्याच्या भंगारावरचे ५ वरून २.५ टक्क्यांवर आले आणि पोलादी स्क्रूवरचे १० वरून १५ टक्क्यांवर गेले. पायऱ्यांच्या हिशेबाने तिन्ही निर्णय योग्यच. कूलर, पेट्या, आलमाऱ्या बनवणाऱ्यांसाठी असा विचार कोणी मांडला का, हा खरा प्रश्न आहे.

कारण चौकशीत माल वापरणाऱ्यांनाही बोलता येते. सूचना राजपत्रात निघते, ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवायचे असते, प्रश्नावली भरायची असते, तोंडी सुनावणीही होते. कारखानदारांच्या बाजूने वकील आणि हिशेबनीस जातात. मिस्त्रींच्या बाजूने कोण जाणार? एकट्याचे ते काम नाही, संघटनेचे आहे. कापडातले उदाहरण सांगतो. परदेशी व्हिस्कोस तंतूवर अनेक वर्षे डंपिंगविरोधी शुल्क होते. सूतगिरण्या आणि विणकर त्याविरुद्ध एकत्र बोलत राहिले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते उठले. कापसावरच्या ११ टक्के शुल्काचेही पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वर्षअखेरपर्यंत माफ झाले ते गिरण्यांच्या मागणीवरून, आणि विदर्भातला शेतकरी ओरडत राहिला. ज्याची मागणी कागदावर जाते त्याचे ऐकले जाते.

मिस्त्रींना आम्ही एवढेच सुचवले. भाव लेखी देताना खाली एक ओळ टाकावी की हा भाव १५ दिवसांपुरता, नंतर पत्र्याच्या त्या दिवसाच्या दराने फरक पडेल. बयाणा निदान पत्र्याच्या किमतीइतका घ्यावा आणि त्याच आठवड्यात पत्रा उचलावा. बिलावर पत्र्याची जाडी, मुलाम्याचा प्रकार आणि किलोचा दर लिहून घ्यावा, नुसते "पत्रा, नग १०" चालवून घेऊ नये. नव्या हंगामात त्यांनी ती ओळ छापून घेतली आहे. पहिल्या गिऱ्हाईकाने ती वाचून घासाघीस केली, १५ दिवसांचे २० झाले, पण ऑर्डर देऊन गेला.